बीएस-६ ट्रक: धूर साफ करायला फवारतात त्या डीईएफ द्रवाच्या नोझलवर पांढरे खडे

घाटवाला: दिवसभर मार्केट यार्डात गाडी आयडलवर. नोझलवर खडीसाखरेसारखं साचतं, मग दिवा पेटतो. मेस्त्री म्हणतो कॅटॅलिस्ट (धुरातले विषारी वायू निवळणारा भाग) गेला, नवा टाका. डीईएफऐवजी शेतातला युरिया कालवला तर?

गॅरेजवाला: अजिबात नको! त्याला निंबोळी तेल चोळलेलं असतं. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया, बाकी क्षार काढलेलं पाणी. बोअरचं पाणी तर कॅटॅलिस्टचा काळच.

केमिकलवाली: ते खडे म्हणजे अर्धवट फुटलेला युरिया. धूर साधारण २०० अंशांखाली राहिला की त्याचा नीट अमोनिया होत नाही. अमोनियाच नाही, तर कॅटॅलिस्टमधलं तांबं किंवा व्हॅनेडियम नायट्रोजन ऑक्साइडांचं नायट्रोजन नि पाणी करणार कशाच्या जिवावर? नोझल कोमट पाण्याने धुवा, भरली गाडी हायवेला पळवा, म्हणजे धूर तापेल. मेस्त्रीला घाई फार दिसते.

घाटवाला: उद्या कांदा घेऊन वाशीला निघतोय. बघतो.