जांभळीची पानं घाट चढताना लहान का होतात?

पोलादपूरचा मास्तर
नववीच्या पोरांना घेऊन एक उद्योग मांडलाय. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरपर्यंत जागोजागी जांभळीची पानं गोळा करतोय. खाली पान चांगलं तळहात भरून, मऊ, वाकवलं की वाकतं. वरचं पान त्याच्या जेमतेम निम्मं, चामड्यासारखं, दुमडलं की कटकन मोडतं. झाडंही वर खुजी, फांद्यांवर शेवाळ. पोरं म्हणतात, "सर, थंडी." पण वर असून असून थंडी किती? कधीमधी वेण्णा तलावाशी दव गोठतं, त्याची पेपरात बातमी होते. मग वारा, ऊन, की माती? आणि पानाची जाडी मोजायची कशी? शाळेतला काटा एक ग्रॅमच्या खाली बोलतच नाही.

सह्यकडा
थंडीच हो. हिमालयात बघा, वर वर झाडं संपतातच.

कातळफूल
हिमालय इथे आणू नका. तिथे हिवाळा येतो, बर्फ पडतं, वाढ महिनोनमहिने थांबते. उष्ण कटिबंधातल्या डोंगरावर तसं नसतं. तिथे ठरावीक उंचीला वर्षभर साधारण तेच तापमान, त्यामुळे पान कुठल्या ऋतूपुरतं नाही, कायमच्या गारव्यात जगायचं म्हणून घडतं.

मास्तर, तुमची पोरं अर्धी बरोबर आहेत. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी उतरते. पोलादपूर जवळजवळ पायथ्याला आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, म्हणजे सात-आठ अंश. एवढ्या फरकानेही पेशी सावकाश वाढतात आणि पान लहान राहतं. जाडीचं गणित वेगळं. गारव्यात पालापाचोळा हळू कुजतो, मुळांना नत्र कमी मिळतं. नवं पान काढणं महाग पडतं, मग आहे तेच जास्त दिवस टिकवायचं. टिकाऊ पान म्हणजे जाड, चिवट पान.

पण महाबळेश्वरात यात आणखी भानगडी आहेत. चार महिन्यांत साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, मग पुढे महिनोनमहिने कोरडं, खाली जांभ्यावर वीतभर माती, आणि कड्यावरचा वारा. दुष्काळातही पान जाड होतं, वाऱ्यातही लहान होतं. त्यामुळे "हे उंचीमुळे" असं मी तरी लिहून देणार नाही.

आता मोजणी. दर झाडाची बाहेरची, पूर्ण उन्हातली, पुरती वाढलेली पानंच घ्या. खालच्या झाडाचं सावलीतलं आणि वरच्या झाडाचं उन्हातलं पान घेतलंत तर फसाल; सावली-उन्हाचा असा फरक घाट न चढताही मिळतो, एकाच झाडावर! पानं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. ऑफिसात कागदाला भोकं पाडायचा पंच असतो ना, त्याने मधली शीर टाळून १०० चकत्या पाडा. भोक ६ मिलिमीटरचं असेल तर १०० चकत्यांचं क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर भरतं. खडखडीत वाळवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत, आणि सोनाराकडे जाऊन तोलून घ्या. समजा ०.३५ ग्रॅम भरलं, तर चौरस मीटरला १२५ ग्रॅम. जाडीपेक्षा हा आकडा कामाचा, कारण त्यात पानाचा घट्टपणाही येतो.

आणि पारजांभूळ मधे घुसलेलं नाही ना? नाव तसं असलं तरी ते झाड जांभळीच्या जवळच्या नात्यातलंही नाही. जांभळीच्या पानाला कडेला लागून एक बारीक शीर धावते, आणि चुरगळलं की वास येतो. पोरांना वास घ्यायला लावा.

पोलादपूरचा मास्तर
ताई, सोनार ओळखीचा आहे, हसेल पण तोलून देईल. सावलीचं ध्यानात घेतलं. एक शंका राहिली. ही झाडं मुळातच बारक्या पानांच्या जातकुळीची, की वर वाढली म्हणून तशी झाली?

कातळफूल
हा प्रश्न हवाई बेटांवर विचारून झालाय. तिथे ओहिया नावाचं झाड समुद्रकाठापासून २,००० मीटरच्या बरंच वरपर्यंत एकच जात म्हणून वाढतं. खाली पान मोठं, गुळगुळीत; वर बारकं, जाड आणि पाठीला पांढरी लव. वेगवेगळ्या उंचीवरची झाडं एकाच बागेत वाढवून पाहिली, त्याचा अभ्यास १९९८ मध्ये छापून आला. पानाचा आकार आणि लव यांतला फरक बागेतही बराचसा टिकला, म्हणजे तो रक्तातला. पानाची आतली रचना आणि अन्न तयार करण्याचा वेग यांवर मात्र जागेचीच छाप जास्त होती. दोन्ही गोष्टी एकाच पानात! जांभळीचं काय निघेल ते लावून बघितल्याशिवाय कळणार नाही.

रोपवाला, वाई
लावायचंच असेल तर मास्तर, बी साठवू नका. जांभळाचं बी सुकलं की मेलं. फळ खाल्लं की आठवड्याच्या आत पिशवीत टाका. आणि एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन कोंब निघतात, ते उपटून फेकू नका.

कातळफूल
अहो, हे भारी सुचवलंत! त्यातले बरेच कोंब आईझाडाच्याच पेशींतून येतात, म्हणजे जवळजवळ जुळे. एक पोलादपुरात लावा, एक वर. माती मात्र दोन्हीकडे एकाच ढिगातली घाला, नाहीतर परत तोच गोंधळ.

पोलादपूरचा मास्तर
म्हणजे जूनपर्यंत थांबणं आलं. तोवर ही पोरं दहावीत. वर रोपांना पाणी घालायला कोणी ओळखीचं आहे का इथे?

रोपवाला, वाई
पाचगणीला भाऊ असतो, बोलतो त्याच्याशी. पण उंची थोडी कमी पडेल, ताईंना चालेल का विचारा.