गेम स्टुडिओतला क्रंच कमी करायचाय, मालकांना कसं पटवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाणेरला एका मध्यम साइजच्या गेम स्टुडिओत प्रोड्युसर आहे. आम्ही बाहेरच्या क्लायंटचं काम करतो, म्हणजे गेम त्यांचा आणि त्यातल्या काही लेव्हल्स, कॅरेक्टर्स, टेस्टिंग आमच्याकडे. माइलस्टोन, म्हणजे क्लायंटला ठरलेला टप्पा द्यायची तारीख, जवळ आला की शेवटचे दोन-तीन आठवडे सगळे रात्री अकरा-बारापर्यंत ऑफिसात, शनिवार तर धरलेलाच असतो. ह्याला ह्या लाइनीत क्रंच म्हणतात. पुढच्या प्रोजेक्टचं प्लॅनिंग माझ्याकडे आलंय आणि तो तरी माणसांना न पिळता पार पाडावा असं मनापासून वाटतंय.

सगळ्यात जास्त भरडली जातात ती क्यूएची, म्हणजे टेस्टिंगची, पोरं. होतं काय, आर्टिस्ट आणि प्रोग्रामर दिवसभर काम करून साडेसहाच्या सुमारास सगळं एकदम चेक-इन करतात, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक सर्व्हरवर टाकतात, मग त्यातून बिल्ड, म्हणजे गेमची खेळता येणारी आवृत्ती, तयार करायला लावायचा, त्याला दीडेक तास, त्यात कोणाचं टेक्श्चर (वस्तूंवर चढवायचं चित्र) गायब, कोणाच्या कोडने बिल्ड फुटला की परत पहिल्यापासून. चालणारा बिल्ड टेस्टिंगच्या हातात पडतो रात्री नऊला, तेवढ्यात कॅलिफोर्नियात सकाळ झालेली असते आणि क्लायंटला रिपोर्ट त्यांच्या लंचच्या आत हवा असतो. आमची एक टेस्टर धायरीहून येते, दुपारभर जुन्या बिल्डवर तेच ते बग परत तपासते आणि तिचं खरं काम घरी निघायच्या वेळेला सुरू होतं. घरी पोचायला एक वाजतो, आई जागी असते. परवा मला म्हणाली, "ताई, बिल्ड दुपारी नाही का मिळू शकत?" मिळू शकतो हो! तीननंतर चेक-इन बंद एवढा एक नियम पाळला तरी मिळेल, पण माइलस्टोनच्या आठवड्यात तो कोणीच पाळत नाही.

दुसरं म्हणजे साडेआठनंतर थांबलं की जेवण कंपनीचं आणि नऊनंतर कॅब कंपनीची. हेतू चांगलाच होता, पण आता काम संपलेले ज्युनियर्सपण थांबतात, आणि जो सहाला बॅग उचलतो त्याच्याकडे हाफ डे घेतल्यासारखं बघतात, ज्याचं काम चोख असतं त्याच्याकडेसुद्धा.

मालक माणूस म्हणून चांगले आहेत, पगार कधी थकवलेला नाही. पण त्यांचं ठाम मत की गेम्स पॅशनवरच बनतात आणि जगात सगळीकडे असंच चालतं. तसं नाहीये ना पण! २००४ मध्ये ईए ह्या मोठ्या गेम कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने ह्या तासांबद्दल ऑनलाइन लिहिलं, त्याच सुमारास ओव्हरटाइमचे खटले झाले आणि कंपनीला तीन कोटी डॉलर्सच्या वर मोजावे लागले. सायबरपंक २०७७ ह्या गेमच्या वेळी तो बनवणाऱ्या स्टुडिओने सक्तीचा क्रंच करणार नाही असं २०१९ ला सांगून २०२० मध्ये सहा दिवसांचा आठवडा लावलाच, तरी डिसेंबरमध्ये गेम इतका बगी आला की सोनीने आपल्या प्लेस्टेशनच्या ऑनलाइन स्टोअरवरून काढून टाकला. उलट हेडीस हा गेम बनवणाऱ्या सुपरजायंट स्टुडिओमध्ये वर्षाला किमान २० दिवस रजा घ्यावीच लागते आणि शुक्रवारी पाचनंतर मेल पाठवायचे नाहीत असा नियम, आणि त्या गेमचं किती कौतुक झालं ते सगळ्यांना माहीत आहे. हे सांगितलं की मालक म्हणतात, सुपरजायंटचा स्वतःचा गेम आहे, तारीख त्यांच्या हातात, आपली क्लायंटच्या. ह्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि तिथेच मदत हवी आहे. सर्व्हिस कंपनीत राहून हे कोणी बदललंय का? क्लायंटशी बोलणी कशी केली?

प्रतिसाद १
व्हीएफएक्समध्ये (सिनेमाच्या कॉम्प्युटर इफेक्ट्सच्या कामात) होतो, दुखणं तेच. बिल्डचं उत्तर सोपं आहे, रात्री मशीनवर आपोआप लागू दे, सकाळी क्यूए आली की तयार. फुटला तर सकाळी ज्याच्या चेक-इनने फुटला त्याने आधी तो निस्तरायचा, बाकी कामं नंतर. क्लायंटचं म्हणाल तर करारातच लिहून घ्या की फीडबॅक उशिरा आला तर तेवढे दिवस डिलिव्हरी पुढे जाणार. निम्मा क्रंच क्लायंटच्या उशिरा आलेल्या बदलांमुळे असतो आणि तो आपण मुकाट अंगावर घेतो.

प्रतिसाद २
ताई, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे आणि वरच्या तासांना दुप्पट दर. मॅनेजर पातळीच्या पदांना सूट आहे, टेस्टर काही मॅनेजर नव्हे. मालकांना धमकी म्हणून नको, खर्चाच्या शीटमध्ये एक ओळ म्हणून दाखवा. ओव्हरटाइम फुकट नाही हे आकड्यात दिसलं की तारखा आपोआप विचार करून दिल्या जातात.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार. रात्रीच्या बिल्डचं उद्याच टेक लीडशी बोलते, आणि मागच्या माइलस्टोनचे जादाचे तास दुप्पट दराने मांडून शीट करते. जेवण-कॅब बंद करायला जीव धजत नाही, रात्री पोरींना कॅब हवीच. त्याऐवजी संध्याकाळचा नाश्ता साडेपाचला द्यावा का? आणि प्रतिसाद १, फीडबॅक उशिराच्या क्लॉजची भाषा नक्की कशी लिहिली होती ते आठवत असेल तर प्लीज इथेच टाका, करार ह्याच आठवड्यात क्लायंटकडे जाणार आहे.