साकोलीकडचा भारतीय-नेपाळी बफे : म्हाताऱ्या आई-वडिलांना न्यावे का?

चुलबंदकाठ (प्रश्न)

आमचे गाव भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यात आहे. साकोलीच्या अलीकडे, नागपूर-रायपूर महामार्गालगत, दिवाळीपासून एक ‘भारतीय व नेपाळी बफे’ सुरू झाला असून दुपारच्या जेवणाचा दर माणशी ३८० रुपये आहे. धानाचे चुकारे या आठवड्यात हाती आले, आणि मुलांनी कित्येक दिवसांपासून मोमोचा धोशा लावलेला असल्यामुळे येत्या रविवारी सगळ्यांनीच जावे असा विचार आहे.

अडचण वडिलांची आहे. त्यांचे वय ७४ असून चार वर्षांपूर्वी नागपूरच्या एका लग्नात ते पहिल्यांदा आणि शेवटचे बफेत जेवले, किंवा खरे सांगायचे तर जेवलेच नाहीत. रांगेत सुरुवातीलाच ठेवलेला पुलाव आणि नूडल्स त्यांनी संकोचाने घेतले, पुढे पाटवडी रस्सा दिसला तोवर ताटात जागा उरली नव्हती, आणि ताट टाकून पुन्हा रांगेत उभे राहणे त्यांना लाजिरवाणे वाटले. भरलेले ताट खुर्चीखाली सरकवून ते उपाशीच मांडवाबाहेर आले. तेव्हापासून ‘हातात ताट घेऊन मागत फिरणे’ त्यांना नको असते. आई माळकरी आहे. नेपाळी जेवणात मांसाहार किती असतो, शाकाहारी माणसाने तेथे काय घ्यावे आणि काय टाळावे, आणि एवढे पैसे देण्यासारखे त्यात काही आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आचारी_आमगाव

मी आठ वर्षे हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम केले असून आता गावाकडे लग्नांची कामे घेतो, म्हणून बफेची आतली बाजू थोडी सांगू शकतो. आपल्या वडिलांची काहीही चूक झालेली नाही. भात, नूडल्स, पुरी, सूप हे पोट भरणारे आणि स्वस्त पडणारे पदार्थ रांगेच्या तोंडाशी, तर पनीर, रस्सा आणि मटण शेवटी अशी मांडणी आम्ही मुद्दाम करतो. मालकाचा सगळा हिशेब सरासरीवर चालतो, त्यामुळे कोण किती खातो यापेक्षा कोण आधी काय खातो याकडे त्याचे लक्ष असते. म्हणून पहिली फेरी रिकाम्या हाताने मारावी, सगळी झाकणे उचलून पाहावीत आणि मगच ताट घ्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

झाकण उचलताना वाफ अंगावर आली पाहिजे. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे गरम वाढायचे अन्न ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला ठेवावे लागते, आणि त्यासाठी भांड्याखाली गरम पाण्याचा ट्रे व त्याखाली दिवा असतो. दिवा विझलेला असेल, डाळीवर साय धरली असेल किंवा डावाच्या दांड्यावर रस्सा वाळून घट्ट झाला असेल, तर तो पदार्थ सरळ सोडून द्यावा. साडेबारा-एकला गेलात तर बहुतेक भांडी पहिल्या भरणीची मिळतील. अडीचनंतर तीच भांडी तळाशी आलेली असतात.

‘भारतीय’ बाजूकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. तिकडे दाल मखनी, नान, शाही पनीर असा पंजाबी हॉटेलांचा ठरलेला थाट असतो, आणि तो आपल्याला लाखनीतही मिळतो. वडाभात तेथे कोणी ठेवणार नाही.

मुक्तिनाथ_वारी

भाऊ, आम्ही गावातील अकरा जण पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ करून आलो, त्यात नऊ माळकरी होते. त्या अनुभवातून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट आमच्या फजितीची आहे. काठमांडूत पोहोचल्याच्या रात्री एका खानावळीच्या फळ्यावर ‘बफ खाना सेट’ असे देवनागरीत लिहिलेले दिसले. आमच्यातल्या एका काकांनी तो ‘बफे’ समजून, हवे तितके खाता येईल या आनंदात, अकरा ताटे सांगून टाकली. वाढणाऱ्या मुलाने आमच्या गळ्यातील माळांकडे पाहिले, दोनदा विचारले, आणि शेवटी दोन्ही हात डोक्याला लावून शिंगे करून दाखवली, तेव्हा आम्ही उठलो. नेपाळात ‘बफ’ म्हणजे म्हशीचे किंवा रेड्याचे मांस. गाय तेथे राष्ट्रीय प्राणी असून गोहत्येस बंदी आहे, पण म्हैस सर्रास खाल्ली जाते, आणि काठमांडूत मांसाचा मोमो म्हटला की तो बहुधा बफचाच असतो. साकोलीच्या रस्त्यावर तो असण्याची शक्यता मला कमी वाटते, पण आपल्या आईंसाठी विचारून घ्यायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट आपल्या वडिलांसाठी अधिक महत्त्वाची आहे. नेपाळी लोकांचे रोजचे जेवण बफेचे नसतेच. मधोमध भात, वाटीत डाळ, बाजूला तरकारी, साग आणि अचार असे ताट समोर येते, आणि माणूस बसलेला असतानाच वाढपी पुन्हा पुन्हा येऊन भात, डाळ व भाजी वाढत राहतो. त्या वाढण्याला ते ‘थप’ म्हणतात. ही आपली पंगतच झाली. त्यामुळे माझी स्पष्ट सूचना अशी की, आधी दूरध्वनी करून ‘दालभाताचे ताट टेबलावर बसल्या जागी वाढाल का’ असे विचारावे. स्वयंपाकघरात खरोखर नेपाळी आचारी असेल, तर त्याला या मागणीचे नवल वाटणार नाही, उलट बरेच वाटेल.

आता काय घ्यावे ते सांगतो. उडदाची काळी डाळ असेल तर ती आवर्जून घ्यावी. तिला तुपात जिंबूची फोडणी देतात. जिंबू ही मुस्तांगकडील उंच डोंगरांत मिळणारी, कांदा-लसणाच्या कुळातील वाळवलेली पात असल्याने आईंना कांदा-लसूण वर्ज्य असल्यास ती टाळावी लागेल. गुंद्रुक नावाचा आंबट पाल्याचा रस्सा मिळाला तर वडिलांना तो नक्की द्यावा. मोहरीचा किंवा मुळ्याचा पाला कोमेजू देऊन, कुटून, मडक्यात मीठ न घालता दाबून भरतात, आंबला की उन्हात वाळवतात आणि वर्षभर वापरतात. आपण हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवतो, त्याचा हा आंबलेला भाऊ समजा. कोदोच्या (म्हणजे नाचणीच्या) किंवा फापराच्या (कुट्टूच्या) पिठाचा घट्ट शिजवलेला ढिंडो मिळाल्यास त्याचा बोटाने गोळा तोडून, गुंद्रुकात बुडवून, फारसा न चावता गिळायचा असतो. दात नसलेल्यांना तो आपल्या कण्यांइतकाच सोसतो.

‘आलू तामा’ ही भाजी दिसली तर ती काय आहे हे वडिलांना आधी सांगू नये. खाल्ल्यावर ते काय म्हणतात ते मला कळवा.

नवेगावची_ताई

मोमोबद्दल थोडे लिहिते. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे, त्यामुळे आम्हा अर्जुनी मोरगावकडच्या लोकांना मोमो आणि थुक्पा (नूडल्सचे सूप) नवीन नाहीत. मोमो मूळचा तिबेटकडचा असून ल्हासाशी व्यापार करणाऱ्या नेवार व्यापाऱ्यांमुळे तो काठमांडूच्या खोऱ्यात आला, असे सांगितले जाते. नेपाळी मोमो ओळखायचा तो सोबतच्या अचारावरून, कारण त्यात टोमॅटो, भाजलेले तीळ आणि बऱ्याचदा टिमूर असतो. टिमूर हा कोकणातील तिरफळाचा सख्खा नातेवाईक आहे आणि त्याने जीभ काही मिनिटे मुंग्या आल्यासारखी बधिर होते. हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर म्हातारी माणसे घाबरतात. माझ्या सासूबाईंनी तर लकवा मारला असे समजून दवाखान्यात नेण्याचा हट्ट धरला होता.

बफेच्या भांड्यातील मोमो घेऊ नयेत. अर्ध्या तासात त्यांची पारी एकतर कडेने चिवट होते किंवा खालच्या पाण्याने भिजून फाटते. ताजे उकडून मागावेत, आणि शाकाहारी मोमो वेगळ्या भांड्यात उकडतात का हेही विचारावे, कारण एकावर एक ठेवलेल्या चाळण्यांमध्ये वरच्या मांसाच्या मोमोचा रस खाली गळतो. थुक्प्याचा रस्साही पुष्कळदा हाडांचा असतो, वरून तो भाज्यांचा दिसला तरी.

हिशेबनीस

एकच मुद्दा. अशा साध्या उपाहारगृहाच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो, तो द्यावाच लागेल. ‘सेवा शुल्क’ मात्र ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. बिलात ते आपोआप धरलेले असल्यास काढून टाकण्यास सांगावे. ताटात अन्न उरल्यास दंड आहे का, आणि मुलांचा दर वयावर आहे की उंचीवर, हे बसण्याआधी विचारावे.

चुलबंदकाठ

सर्वांचे आभार. काल जाऊन आलो. शनिवारीच दूरध्वनी केला होता. आचारी नेपाळच्या झापा जिल्ह्यातील निघाला आणि बसल्या जागी ताट वाढण्यास त्याने आनंदाने होकार दिला, फक्त सव्वाबाराच्या आत या एवढीच अट घातली. शाकाहारी मोमो वेगळे उकडून मिळाले, त्याला वीस मिनिटे लागली आणि मुलांनी तेवढा वेळ सगळे हॉटेल डोक्यावर घेतले. आईने काळी डाळ सोडली, परंतु दही-भात आणि सेल रोटी (तांदळाच्या पिठाचे तळलेले गोड कडे) आवडीने खाल्ली. गुंद्रुक तेथे नव्हते. बिलात सेवा शुल्क होतेच, पण सांगताच काढले.

मुक्तिनाथ_वारी यांनी विचारले होते म्हणून लिहितो. आलू तामाचा पहिला घास घेतल्यावर बाबा थांबले, बोटांनी रस्स्यातली एक पिवळसर चकती बाजूला काढून उजेडाकडे धरली आणि म्हणाले, “हे तं आपले वास्तेच होय.” मग त्यांनी आचाऱ्याला बोलावून घेतले आणि वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, इतके आंबट कसे केले, उकळून कडू पाणी किती वेळा फेकले, याची चौकशी सुरू केली. त्याने कोंब चिरून, मडक्यात आंबवून मगच वापरतात असे सांगितले, तर बाबांचे म्हणणे पडले की आंबवण्याची गरज नाही, पावसाळ्यात कोवळे आणले तर नुसते शिजवूनही चालतात. दोघांचे एकमत झाले नाही. वाढपी तोवर तीनदा भात घेऊन येऊन गेला होता, आणि तिन्ही वेळा बाबांनी त्याला हाताने थांबवले नाही.