शंभर मीटरचा नियम आणि जुनी घरे

'संरक्षित मंदिराभोवती शंभर मीटरची हद्द आखली की लोणारसारख्या गावात माणसाला वीटही हलवता येत नाही', हे मत अर्धेच खरे आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या बदलानंतर केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम चालत नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. मात्र १६ जून १९९२ पूर्वीच्या घराच्या दुरुस्तीसाठी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली असे अर्ज पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, हे फारसे कोणी सांगत नाही. हे अंतर कळसापासून नव्हे, संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून मोजतात, म्हणून लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारखे स्मारक वस्तीतच असले की गावठाणाचा मोठा भाग त्यात येतो. आमच्या मामांच्या मातीच्या घराची पावसात खचलेली भिंत उभारताना खरी अडचण कायद्याची नव्हती, तर घर १९९२ पूर्वीचे असल्याच्या पुराव्याची होती. अखेर आजीच्या पेटीत सुतळीने बांधून ठेवलेल्या घरपट्टीच्या पावत्या कामी आल्या. ज्यांच्याकडे अशा पावत्या आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत.