बेडाक्विलिन: चाचण्यांचा खर्च जनतेचा, किंमत कंपनीची?

ऋजुता: एमडीआर क्षयावरचं (नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचं) बेडाक्विलिन हे औषध यान्सेनने (जॉन्सन अँड जॉन्सन) शोधलं, हे मान्य. पण २०१२ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली ती दुसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे मोजक्या रुग्णांवरच्या चाचण्यांच्या पुराव्यावर. त्यातल्या एका चाचणीत हे औषध घेणाऱ्या ७९ पैकी १० जण दगावले, प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली गोळीच्या) गटात ८१ पैकी २. त्यामुळे लेबलवर मृत्यूबद्दल ठळक इशारा आला. हे औषध बिनधास्त द्यावं की नाही, हे ठरवणाऱ्या पुढच्या चाचण्यांत सरकारी आणि देणगीचा पैसा मोठा होता. २०२० सालच्या एका अभ्यासात सार्वजनिक गुंतवणूक कंपनीच्या १.६ ते ५.१ पट धरली आहे. तरीही २०१८ मध्ये गरीब देशांसाठीची 'सवलतीची' किंमत सहा महिन्यांना ४०० डॉलर! अनुदान देतानाच किमतीची अट लिहून घ्यायला हवी.

रसायनी: ते गुणोत्तर जरा उघडून बघा. त्यात करसवलत आहे, देणगीच्या औषधांच्या वाटपाचा खर्च आहे आणि प्राधान्य व्हाउचरचं मूल्यही आहे. उपेक्षित रोगावर औषध आणलं की एफडीए (अमेरिकेची औषध-नियामक संस्था) हे व्हाउचर देते; पुढच्या एखाद्या औषधाचा अर्ज मग लवकर तपासला जातो. कंपनीने ते सोरायसिसवरच्या गुसेलकुमॅब या औषधासाठी वापरलं. हे मिळतं औषध मंजूर झाल्यावर. जिवाणूचं एटीपी सिंथेज (त्याला ऊर्जा पुरवणारं विकर) अडवणारा रेणू सापडेपर्यंतची जोखीम तिचीच. क्षयात नफा नाही म्हणून अनेक कंपन्या आधीच बाहेर पडल्यात, अटी घातल्यात तर उरलेल्याही जातील.

ऋजुता: व्हाउचर विकताही येतं, कोट्यवधी डॉलरला. मग तो पैसा नाही तर काय?

मिलिंद_पेटंट: दोघेही किमतीचं खरं कारण सोडून बोलताय. भारतातलं मूळ रेणूचं पेटंट जुलै २०२३ मध्ये संपत होतं. कंपनीने फ्युमरेट क्षारावर (त्याच रेणूच्या क्षाररूपावर) पेटंटचा दुसरा अर्ज टाकला होता. तो मिळाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी त्याला हरकत घेतली. दोघी क्षयातून बऱ्या झालेल्या, उपचारांनी श्रवणशक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये अर्ज फेटाळला गेला. ऑगस्टमध्ये जागतिक खरेदीचा दर १३० डॉलरवर आला. अनुदानाच्या कागदाने नव्हे, स्पर्धा दारात आल्याने.

ऋजुता: हो, पण तोवर अकरा वर्षं गेली. प्रिटोमॅनिड हे क्षयावरचं दुसरं औषध बघा. दुसऱ्या एका कंपनीकडे पडून राहिलेला रेणू टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेने २००२ मध्ये परवान्यावर घेतला, सरकारं आणि गेट्स फाउंडेशनच्या पैशावर २०१९ मध्ये मंजुरीपर्यंत नेला आणि मग एकाहून जास्त उत्पादकांना परवाने दिले.

रसायनी: रेणू तिथेही कंपनीच्याच प्रयोगशाळेतून आला, हे विसरू नका. चाचण्यांचा कच्चा डेटा खुला करण्याची अट मला मान्य. पण किमतीचा आकडा दुसऱ्या टप्प्याआधी ठरवणार कसा? तेव्हा मात्राही पक्की नसते. बेडाक्विलिनचा कोर्स ठरला तो दोन आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम, मग २२ आठवडे आठवड्यातून तीनदा २००. म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या १८८ गोळ्या. हे आधी कुणाला ठाऊक होतं?

ऋजुता: आकडा नकोच, सूत्र लिहा: तपासलेला उत्पादनखर्च अधिक ठरावीक टक्के, आणि पुरवठा कमी पडला तर दुसऱ्या उत्पादकाला आपोआप परवाना. मंजुरीनंतर हे मागायला गेलात तर सरकारच्या हातात काहीच उरत नाही.