मेळघाटातील कोरकू गावांना अभ्यासभेट : परवानगी आणि दुभाषाबाबत मदत हवी आहे

मी सोलापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. दिवाळीनंतर अकरावीच्या मुलामुलींना मेळघाटात अभ्याससहलीसाठी नेण्याचा विचार आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचा गवताळ माळ पाहिलेल्या मुलांनी सातपुड्यातील सागाचे पानझडी जंगल पाहावे, हा हेतू आहेच. परंतु १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत समाविष्ट झालेल्या या प्रदेशात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या कोरकू समाजाचे जगणे मोहफुले, तेंदूपाने आणि चराईशी कसे जोडलेले आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभा आपले जंगल कसे सांभाळतात, हे त्यांनी गावकऱ्यांकडूनच ऐकावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. वाघ दिसला नाही तरी चालेल.

बडनेऱ्यापर्यंत रेल्वे आणि पुढे परतवाडामार्गे सेमाडोह, एवढा प्रवास ठरला आहे. दूरध्वनीवर चौकशी केली असता सफारी व निवासाची माहिती मिळाली, गावभेटीची मात्र मिळाली नाही. आम्हाला व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात, म्हणजे वाघांसाठी राखलेल्या आतल्या भागात, जायचे नाही. खर्च बेताचा आहे, आणि गावाला कामाच्या दिवसांत त्रास होऊ नये, याची मला विशेष काळजी वाटते.

अशा भेटीसाठी ग्रामसभेची संमती पुरेशी असते, की वनविभागाची लेखी परवानगीही घ्यावी लागते? कोरकू ही मराठीहून सर्वस्वी निराळ्या, मुंडा कुळातील भाषा असल्याने वडीलधाऱ्यांशी बोलण्यासाठी स्थानिक दुभाषी कोणामार्फत मिळेल, आणि दुभाष्याला व गावाला मानधन कोणत्या पद्धतीने देणे योग्य ठरेल?