शब्दचर्चा : स्मूद जॅझचा ऱ्हास, अस्त की उचलबांगडी?

अनुवादवाट :
मंडळी, अमेरिकेतल्या रेडिओवरचा एक लेख मराठीत आणते आहे. १९८७ नंतरच्या वीसेक वर्षांत तिथल्या बहुतेक मोठ्या शहरांत स्मूद जॅझ, म्हणजे कानाला सोपं, मवाळ वळणाचं जॅझ, वाजवणारं एक तरी व्यापारी एफएम केंद्र होतं. २०१० उजाडेपर्यंत त्यांतली बरीचशी गेली. लेख त्याबद्दल आहे.

अडलंय मथळ्यापाशीच. कच्च्या खर्ड्यात 'व्यावसायिक रेडिओवरील गुळगुळीत जॅझचा ऱ्हास' असं आहे आणि त्यातला एकही शब्द मला पटत नाही. 'गुळगुळीत'मध्ये हेटाळणी ऐकू येते. 'व्यावसायिक' म्हणजे पैशासाठी चालवलेला, की कसबी माणसांनी चालवलेला? आणि 'ऱ्हास' म्हटलं की जंगलं आणि नीतिमूल्यं आठवतात. तुम्ही काय लिहाल? ज्यांनी हे संगीत ऐकलं आहे, त्यांनी आधी सांगावं.

तिरकिट :
'गुळगुळीत' काढाच. दगड गुळगुळीत असतो, फरशी असते, नुकती दाढी केलेला गाल असतो. तोच शब्द भाषणाला किंवा लिखाणाला लावला की अर्थ होतो : टोक नाही, कुणाला बोचणार नाही आणि म्हणून काही सांगणारही नाही. 'गुळमुळीत' त्याच्या शेजारीच बसलेला असतो. टीकाकारांना या संगीताबद्दल हेच म्हणायचं होतं हे खरं, पण मथळ्यात टीकाकारांची बाजू घेऊन कशाला सुरुवात करायची?

'मुलायम' चांगला आहे. गळ्याबद्दल बोलताना आपण तो स्तुती म्हणूनच वापरतो. ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअरचा 'वाइनलाइट' हा १९८० चा अल्बम ऐका. सॅक्सोफोनला कुठे धार नाही, पण दमसास पक्का आणि लयीवरची पकड त्याहून पक्की. हा मुलायमपणा कमावलेला आहे. जॉर्ज बेन्सनचं १९७६ मधलं गिटारवादनही तसंच. 'तलम' हा शब्द मनात आला होता, पण तो एखाद्या स्वराला शोभतो, अख्ख्या प्रकाराला नाही.

शिकागोवासी :
तिरकिट, वाद्याच्या आवाजाबद्दल 'मुलायम' मला मान्य आहे. पण 'स्मूद जॅझ' या जोडशब्दाचं भाषांतर करू नये असं माझं ठाम मत आहे, कारण तो शब्द संगीतकारांचा नाहीच. वॉशिंग्टन, बेन्सन, बॉब जेम्स यांनी हे संगीत केलं तेव्हा ते नाव प्रचारात नव्हतं. कुणी फ्यूजन म्हणे, कुणी क्रॉसओव्हर. नाव दिलं रेडिओने.

१४ फेब्रुवारी १९८७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये केएमईटी हे गाजलेलं रॉक केंद्र बंद करून त्याच ९४.७ मेगाहर्ट्झवर केटीडब्ल्यूव्ही, म्हणजे 'द वेव्ह' सुरू झालं. सुरुवातीला निवेदक नव्हते, वाद्यसंगीत बरंच होतं, न्यू एज, म्हणजे ध्यानाला लावतात तसं शांत संगीत, बरंच होतं. धंद्यातले लोक या प्रकाराला 'न्यू अ‍ॅडल्ट कंटेम्पररी' म्हणत. श्रोता असं नाव कशाला उच्चारेल? त्याच वर्षी आमच्या शिकागोत ९५.५ वर डब्ल्यूएनयूए आलं. फ्रँक कोडी यांच्या ब्रॉडकास्ट आर्किटेक्चर या सल्लागार कंपनीने श्रोत्यांच्या गटचर्चा घेतल्या. हे जे ऐकता त्याला तुम्ही काय म्हणाल, असं विचारल्यावर एका बाईंच्या तोंडून 'स्मूद जॅझ' हे शब्द आले, अशी त्या नावाची जन्मकथा सांगितली जाते. तिथून ते केंद्रांच्या जाहिरातींत गेलं, मग दुकानांतल्या कप्प्यांवर, मग पुरस्कारांत. बिलबोर्डने स्मूद जॅझ गाण्यांची वेगळी क्रमवारी सुरू केली तीसुद्धा २००५ मध्ये.

म्हणजे स्मूद जॅझ हा आधी रेडिओचा फॉरमॅट, केंद्राने काय वाजवायचं त्याचा साचा, आणि नंतर संगीताचा प्रकार. यात सॅक्सोफोनवादक केनी जी आहे, फोरप्ले आणि स्पायरो जायरा हे वाद्यवृंद आहेत आणि जॅझशी लांबचंच नातं असलेल्या शादे आणि अनिता बेकर या गायिकाही आहेत. हे सगळे एकत्र आले ते एका केंद्रावर एकामागून एक चांगले ऐकू येतात म्हणून. अशा नावाला 'मुलायम जॅझ' म्हटलं तर वाचक समजेल की जॅझचं हे एखादं घराणं आहे. 'स्मूद जॅझ' असंच ठेवा आणि पहिल्या परिच्छेदात ते कसं ऐकू येतं ते मराठीत सांगा. 'मुलायम' तिथे वापरा.

आणखी एक. डब्ल्यूएनयूएवर सकाळी पियानोवादक रॅम्झी लुईस बोलायचे. कामाला जाताना गाडीत तो आवाज असायचा. २२ मे २००९ ला केंद्र स्पॅनिश झालं. हे सगळं पार्श्वसंगीत होतं, त्याचं काय एवढं, असं म्हणणारे भेटतात. मी मनापासून ऐकत होतो आणि माझ्यासारखे पुष्कळ होते.

कोशवाचक :
'व्यावसायिक'बद्दलची शंका रास्त आहे. मराठीत 'व्यावसायिक रंगभूमी' म्हटलं की तिकीटविक्रीवर चालणारी, हे संदर्भाने कळतं. 'व्यावसायिक छायाचित्रकार' म्हटलं की त्यातलं कसबही कळतं. रेडिओला तसा संदर्भ आपल्याकडे घडलेला नाही. 'खासगी रेडिओ' हा आपला रूढ शब्द, पण तो मालकी सांगतो, उत्पन्न सांगत नाही. आकाशवाणी सरकारी असूनही विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर इथे जाहिराती सुरू झाल्याच, आणि त्या सेवेचं नावही 'विज्ञापन प्रसारण सेवा' होतं. मी साधंच लिहीन : 'जाहिरातींवर चालणारी केंद्रं'.

तुमच्या लेखात हा भेद फार महत्त्वाचा आहे असं वाटतं. अमेरिकेत पारंपरिक जॅझ वाजवणारी केंद्रं बहुतांशी देणग्यांवर चालतात ना? शिकागोवासी सांगतील.

शिकागोवासी :
हो. तिथे एफएमच्या पट्ट्यात ८८ ते ९२ मेगाहर्ट्झचा भाग ना-नफा केंद्रांसाठी राखलेला असतो. न्यूअर्कचं डब्ल्यूबीजीओ ८८.३ वर आहे, लाँग बीचचं केकेजेझेड ८८.१ वर. सच्चं म्हणावं असं जॅझ मुख्यतः तिथे. त्याला श्रोत्यांच्या वर्गण्या लागतात, जाहिरातदार लागत नाही. 'जॅझ' हे नाव लावून मोठ्या शहरात जाहिरातींवर वर्षानुवर्षं नफा कमावला तो स्मूद जॅझनेच. म्हणून मथळ्यात 'रेडिओवरून' एवढंच लिहून भागणार नाही. जॅझ रेडिओवरून गेलं नाही. जाहिरातींवर जगणारं जॅझ गेलं.

अनुवादवाट :
दोघांचेही आभार. 'स्मूद जॅझ' तसंच ठेवते आणि 'जाहिरातींवर चालणारी केंद्रं' घेते. आता 'ऱ्हास'चं बोला. घसरण, घट, अस्त, लोप, उतरती कळा एवढे शब्द समोर आहेत.

तिरकिट :
मी 'ऱ्हास'च्या बाजूने. ऱ्हास आतून होतो. बाहेरून कुणी घाव घातलेला नसतो, वस्तू आपली आपण झिजते. आणि या केंद्रांचं तसंच झालं. श्रोत्यांना सभागृहात बसवायचं, गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवायचे, आवडलं-नावडलं नोंदवून घ्यायचं आणि ज्यांना सर्वांत कमी नकार तीच गाणी वाजवायची. अशा चाळणीतून जे उरतं ते कुणाला खटकत नाही, इतकंच. हळूहळू पॉप गाण्यांच्या सॅक्सोफोनवरच्या आवृत्त्या वाढल्या, गायकांची गाणी वाढली, यादी आखूड झाली. नव्या वादकाला जागाच उरली नाही. १९९२ मध्ये केनी जीच्या 'ब्रेथलेस'ने विक्रीचा डोंगर उभा केला, तो अमेरिकेत १२ वेळा प्लॅटिनम झाला. मग प्रत्येक केंद्राला तसाच आवाज हवा झाला. २००० साली जॅझ गिटारवादक पॅट मेथेनींनी केनी जीवर इतकी कडक टीका केली, कारण त्याने लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रणावर आपला सॅक्सोफोन चढवला होता. तो राग एका माणसापुरता होता असं मला वाटत नाही.

शिकागोवासी :
चाळणीबद्दल तुमचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. यादी आखूड होत गेली हे कानाला कळत होतं. पण केंद्रं बंद झाली ती श्रोते कंटाळल्यामुळे, हे मी मानणार नाही.

अमेरिकेत श्रोते मोजायचं काम आर्बिट्रॉन करायची. पूर्वी निवडक लोकांना कागदी डायरी द्यायचे. काय ऐकलं, किती वेळ ऐकलं, ते आपल्या हाताने लिहायचं. ज्याला आपलं केंद्र प्रिय, तो त्याचं नाव ठळक लिहायचा आणि दिवसभर लावलं होतं म्हणून तास भरायचा. स्मूद जॅझचा श्रोता अशा निष्ठेचा होता. २००७ पासून ह्यूस्टन आणि फिलाडेल्फियात डायरीऐवजी पोर्टेबल पीपल मीटर आलं. पेजरएवढं यंत्र कमरेला लावायचं. केंद्राच्या आवाजात मिसळलेला, कानाला न कळणारा संकेत ते ओळखतं. आता निष्ठेला किंमत उरली नाही. थोडे श्रोते खूप वेळ ऐकतात, त्यापेक्षा खूप श्रोते थोडा थोडा वेळ ऐकतात ते केंद्र वर दिसू लागलं. स्मूद जॅझचे आकडे कोसळले.

अभियंत्यांचा आक्षेप याहून मूलभूत होता. हा संकेत गाण्याच्या आवाजाआड लपवावा लागतो. भरगच्च आवाजात तो ठळक बसतो. मधे मधे शांतता सोडणाऱ्या संगीतात त्याला आडोसा कमी, म्हणून तो दुबळा राहतो. २०१४ मध्ये हा संकेत ठसठशीत करून देणारं व्होल्टेअर नावाचं यंत्र बाजारात आलं आणि केंद्रांनी ते घेतलं, यावरून शंका निराधार नव्हती असं मला वाटतं. पण तोवर आमची केंद्रं गेलेली होती. संगीतात शांततेला जागा आहे म्हणून ते ऐकलं गेलंच नाही असं मोजलं जावं, हे मला आजही लागतं.

कोशवाचक :
मग 'ऱ्हास' बसत नाही, 'अस्त'ही नाही. दोन्हींत कर्ता नसतो. 'गच्छंती'त पद गेल्याचं कळतं, घालवणारा आडच राहतो. इथे केंद्राचे मालक आहेत, जाहिरातदार आहेत, मोजणारे आहेत. मी 'उचलबांगडी' सुचवतो. मूळ अर्थ, चौघांनी हातपाय धरून माणसाला उचलून बाहेर नेणं. आज आपण तो अधिकाऱ्याच्या तडकाफडकी बदलीला वापरतो. त्यातली खुबी ही की उचललेला माणूस मरत नाही. तो दुसरीकडे असतो. या संगीताचं नंतर काय झालं?

शिकागोवासी :
आहे की! सिरियस एक्सएम या उपग्रह रेडिओवर 'वॉटरकलर्स' नावाची वाहिनी आहे. काही केंद्रांनी ते आपल्या डिजिटल उपवाहिनीवर ठेवलं. डेव्ह कॉझसारखे वादक जहाजावरच्या सहली भरवतात आणि लोक सॅक्सोफोन ऐकायला समुद्रात जातात. वादक आता स्वतःला 'कंटेम्पररी जॅझ'चे म्हणवतात. 'उचलबांगडी' मला शंभर टक्के पटला.

तिरकिट :
मला अर्धा पटला. फिलाडेल्फियात डब्ल्यूजेजेझेड हे केंद्र १०६.१ वरून ऑगस्ट २००६ मध्ये काढलं. तिथे मीटर अधिकृत व्हायच्या आधी. म्हणजे दोष एकट्या यंत्राचा नव्हे. जाहिरातदाराला २५ ते ५४ वयाचा श्रोता हवा असतो आणि या केंद्रांचा श्रोता त्या वरच्या कडेला जाऊन पोचला होता. चाळणीने नवी गाणी अडवली, म्हणून तरुण आले नाहीत. त्याला मी ऱ्हासच म्हणेन.

शिकागोवासी :
पण तेच केंद्र दुसऱ्या मालकाने त्याच वर्षअखेरीस ९७.५ वर पुन्हा सुरू केलं, हेही लिहा. झिजून गेलेली गोष्ट कुणी पैसे घालून परत उभी करत नाही. २००८ मध्ये तेही गेलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यू यॉर्कचं सीडी १०१.९ रॉक झालं. २००९च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोचं केकेएसएफ आणि आमचं, ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटचं. झीज एवढ्या घाईने होत नाही, तिरकिट.

थेम्सकाठ :
वाचनमात्र होतो, पण एक उदाहरण इथलं. लंडनमध्ये १९९० मध्ये जॅझ एफएम सुरू झालं. पुढे मँचेस्टरच्या जॅझ एफएमचं २००४ मध्ये आणि लंडनच्या केंद्राचं २००५ मध्ये नामांतर झालं 'स्मूद एफएम'. जोडशब्दातला 'जॅझ' गळला, 'स्मूद' राहिला. परवान्याच्या अटीमुळे जॅझ वाजवावं लागे, ते रात्री वाजवत. जॅझ एफएम हे नाव २००८ मध्ये डिजिटलवर परत आलं. तुमच्या लेखात लॉस एंजेलिसचं 'द वेव्ह' असेलच. तेही २०१० मध्ये जॅझ सोडून मवाळ गाण्यांकडे वळलं. म्हणून 'स्मूद जॅझ' न फोडता ठेवावा याला माझंही अनुमोदन. दोन्ही भाग मराठीत नेले तर नावाची ही फाटाफूट वाचकाला दिसणार नाही.

अनुवादवाट :
हे फार उपयोगी पडलं. मथळा असा करते : 'एफएमवरून स्मूद जॅझची उचलबांगडी'. तिरकिट, यादी आखूड झाली त्या परिच्छेदात 'ऱ्हास' ठेवते, तिथे तो योग्यच आहे.

आता एकच राहिलं. एका रात्रीत केंद्राचा फॉरमॅट बदलतात, त्याला मूळ लेखात एक छोटं क्रियापद आहे आणि ते वीसेक वेळा येतं. 'कात टाकली' नको, त्यात नवं तेज येतं. 'कूस बदलली' फार सावकाश वाटतं.

कोशवाचक :
'पालटणे' घ्या. 'केंद्र रॉकवर पालटलं' असं नाही, 'केंद्राचा बाज पालटला, तिथे रॉक आलं'. खांदेपालट, ऋतुपालट यांच्या ओळीत 'बाजपालट' असं नामही करता येईल. पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ सांगा.

तिरकिट :
'बाजपालट' छान आहे, पण वीस वेळा नको. दर दोन-तीनदा 'केंद्र रॉक झालं', 'केंद्र स्पॅनिश झालं' असं सरळ लिहा. शिकागोवासींनी वर तसंच लिहिलंय आणि कुणालाही अडलं नाही.